जाड भिंतींच्या घरात वायफाय



जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफाय अडवतात. जोडणीवाला येतो आणि राउटर सोप्यात बसवून जातो. तिथं बसलेल्यांचे फोन झकास चालतात. माजघरात मात्र चक्र नुसतं गोल फिरत राहतं. गटाचा हिशेब भरायला आपण बाहेर यायचं, मुलीनं चार पाहुण्यांत बसून ऑनलाइन तास करायचा. पैसे सगळ्या घराचे जातात, मग वायफाय आतपर्यंत का येऊ नये?

आधी अडतं कुठं ते बघू. वायफाय आपल्या रेडिओसारखंच लहरींवर चालतं. पण आपल्या केंद्राची लहर सुमारे तीन मीटर लांब, ती भिंत ओलांडून येते. वायफायच्या लहरी आखूड. २.४ गिगाहर्ट्झची अर्ध्या वितीएवढी, ५ गिगाहर्ट्झची तीन-चार बोटांची. पहिली भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. दुसरी वेगवान, पण जाड भिंतीपुढं लवकर थकते. भिंत ओली असेल तर दोघींचीही ताकद आणखी कमी होते.

यावर उपाय म्हणजे मेश वायफाय. दोन-तीन डबे मिळून घरभर एकच जाळं तयार करतात. नाव एक, पासवर्ड एक. श्रमदानात आपण घमेली हातोहात देतो, तसं समजा. दुसरी बाई पहिलीच्या हाताच्या टप्प्यात उभी हवी. म्हणून दुसरा डबा वायफाय न येणाऱ्या खोलीत ठेवू नका. तिथं त्याच्याच हाती काही लागत नाही, तो पुढं काय देणार? तो मधे, वायफाय अजून चांगलं येतं तिथं ठेवा.

जागा कशी शोधायची? फोन हातात घेऊन सोप्यातून आत चालत जा. रेघा कुठं कमी होतात ते बघा आणि त्याच्या थोडं अलीकडे थांबा. लहरींना भिंतीपेक्षा उघडं दार सोपं, म्हणून डबे दारांच्या रेषेत ठेवा. घराला चौक असेल तर तो मोकळा रस्ताच. डबा उंचावर ठेवा. लोखंडी कपाट, पत्र्याची कोठी आणि फ्रिज यांच्यामागं ठेवू नका.

भिंत फारच जाड असेल, तर दोन डबे लॅन केबलनं जोडा. हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. खिडकीच्या चौकटीतून किंवा तुळईच्या कडेनं नेली, तर भिंत फोडावी लागत नाही. फक्त विजेच्या वायरीपासून लांब ठेवा.

खरेदीआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. मेशनं वायफाय पसरतं, पण घेतलेल्या प्लॅनपेक्षा जास्त वेग मिळत नाही. आणि प्रत्येक डब्याला वीज लागते. लाइट जात असेल तर बॅटरीची सोय बघा.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी करा. आहे तोच राउटर घराच्या मध्यावर आणा. तेवढ्यानं भागलं तर नवा डबा कशाला? नवी जोडणी घेणार असाल, तर जोडणीवाल्याला दारातच सांगा, “दादा, तार माजघराच्या दारापर्यंत आणा.” तो सोप्यात डबा ठोकून गेल्यावर सांगण्यापेक्षा हे सोपं.