न बघताच घर पसंत करणारा भाडेकरू



जून लागला की पुण्यातल्या घरमालकांचे फोन वाजू लागतात. कॉलेजला प्रवेश मिळालेली मुलं, नव्या नोकरीवर रुजू होणारे इंजिनिअर, बदली झालेली कुटुंबं. त्यांतला एखादा म्हणतो, "काका, फोटो बघितले, फ्लॅट पसंत आहे. बघायला यायला जमणार नाही, डिपॉझिट आत्ताच पाठवतो." अशा माणसाला काय सांगायचं, त्याबद्दल आज बोलू या.

त्याला फोनवरच झटकून टाकू नका. नागपूरच्या मुलीला सोमवारी हिंजवडीत हजर व्हायचं असेल, तर नुसती घरं बघायला वेगळी खेप करणं तिला झेपेलच असं नाही. तिची अडचण खरी असते.

पण खरोखर राहायला येणारा माणूस, घर डोळ्यांनी बघता येत नाही म्हणूनच, जास्त प्रश्न विचारतो. पाणी किती वाजता येतं, टू-व्हीलर आत लावता येते का, कंपनीची बस कुठे थांबते, डिपॉझिट थोडं कमी होईल का. व्हिडिओ कॉलवर तो तुम्हाला नळ सोडून दाखवायला लावतो, बाल्कनीतून खालचा रस्ता दाखवा म्हणतो. ज्याला राहायचंच नाही, तो यातलं काही विचारत नाही. भाड्याची घासाघीस नाही, तुम्ही सांगाल तो आकडा मान्य. त्याला घाई असते ती फक्त पैसे पाठवायची. मला तरी ही घाईच सगळ्यात मोठी खूण वाटते.

एक फसवणूक तर अगदी ठरलेली आहे. फोन करणारा सांगतो, मी लष्करात आहे, पुण्याला बदली झाली आहे. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्र येतं, आधार कार्ड येतं. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. मग तो म्हणतो, "आमच्या खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात. हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, डिपॉझिट जमा होईल." पिन टाकला की पैसे जातात ते आपल्याच खात्यातून. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या आजी-आजोबांनाही हे एकदा नीट समजावून सांगा. दुसरा प्रकार म्हणजे, चुकून दुप्पट रक्कम पाठवली, निम्मी परत करा. पैसे जमा झाल्याचा मेसेजही येतो, पण तो बँकेचा नसतो. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितल्याशिवाय एक रुपयाही परत पाठवू नका. जवानाबद्दल आपल्याला वाटणाऱ्या आदरावर हे लोक धंदा करतात, याची मला फार चीड येते.

मग चौकशी कशी करायची? नोकरीचं पत्र मागा, मात्र त्या पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका. कंपनीचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे विचारा. आधीच्या घरमालकाशी बोला. भाडं वेळेवर यायचं का, घर सोडताना कसं ठेवलं होतं, एवढ्या दोन प्रश्नांत पुष्कळ कळतं. त्याचा शहरात कुणी मित्र, मामा, आत्या असेल, तर त्यांना घर बघायला पाठव म्हणावं. समोरच्यालाही खोट्या घरमालकाची धास्ती असतेच, त्यामुळे खरा भाडेकरू याला आनंदाने तयार होतो. जातधर्म, खाणंपिणं, मुलगी एकटीच राहणार का, या चौकशा मात्र सोडून द्या. त्यांतून भाडेकरूचा खरेखोटेपणा कळत नाही आणि चांगल्या माणसाचा अपमान होतो.

आता कराराकडे येतो, कारण सगळं खरंखोटं तिथे उघड होतं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते खोडून काढणं तुमच्यावर येतं. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. आधारशी जुळणारा अंगठा द्यावा लागतो, कॅमेऱ्यासमोर बसून फोटो काढावा लागतो. दुसऱ्याचं आधार कार्ड दाखवून घर मागणारा इथे अडतो. म्हणून नोंदणी झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, मग तो कितीही अजीजी करो. एजंटने "साहेब, मी बघतो सगळं" म्हटलं, तरीही देऊ नका. भाडेकरूची माहितीही पोलिसांकडे लगेच नोंदवा. त्याचीही ऑनलाइन सोय आहे.

आणि एवढं करूनही कुणी फसलंच, तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते तिथेच गोठवता येतात.