ख्रिस्ती धर्मातील पंथोपपंथ आणि मराठी माणूस
(समथर येथील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी मी हा विषय सुचविला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला विचारले, ‘मराठी मंडळाच्या व्यासपीठावर याचे प्रयोजन काय?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र समथरहून फार दूर शोधावे लागत नाही.

पेशवाईच्या काळात जी मराठी घराणी बुंदेलखंडात आली, त्यांचेच आपण वारस आहोत, असे आपण अभिमानाने म्हणतो. अशाच एका चित्पावन घराण्यात, झाशीच्या परिसरातील काशीपुरा या गावी, १८२५ साली नीळकंठ गोरे यांचा जन्म झाला. काशीस शास्त्राध्ययन करून हा तरुण मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाला. वाद करता करता त्याचाच पक्ष त्याला लटका वाटू लागला आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथाचे कर्ते नेहेम्या गोरे ते हेच. राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण आपण प्रतिवर्षी करतो. याच भूमीतला हा दुसरा मराठी माणूस मात्र आपल्या स्मरणात नाही.

गोरे ख्रिस्ती झाले, एवढे म्हणून भागत नाही. लगेच प्रश्न येतो : कोणत्या पंथाचे? येथे आपला नेहमी घोटाळा होतो. पंथ म्हणजे आपल्याकडील जातीच, असे आपण समजतो. वस्तुतः हे भेद मुख्यतः एका प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून निर्माण झाले. तो प्रश्न असा : धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द कोणाचा?

इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेत ख्रिस्ताच्या दैवी व मानवी स्वरूपाविषयी जो निर्णय झाला, तो इजिप्त, आर्मेनिया व सीरिया येथील अनेकांनी मानला नाही. त्यांची प्राचीन मंडळी वेगळी राहिली. केरळातील सिरियन ख्रिस्ती लोकांच्या काही शाखांचे नाते याच परंपरेशी आहे. पुढे रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात दुरावा वाढत गेला. १०५४ हे त्या फुटीचे वर्ष मानले जाते. रोमचा पोप हा संत पीटरचा वारस व सर्व ख्रिस्तसभेचा प्रमुख, असे रोमन कॅथलिक मानतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी बिशपांच्या परिषदांना मान देतात, पण पोपची सत्ता मानीत नाहीत. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लूथरने आवाज उठविला आणि बायबल हेच अंतिम प्रमाण असा पक्ष उभा राहिला. तो प्रोटेस्टंट पक्ष.

पण ग्रंथ प्रमाण मानला, तरी मंडळीचा कारभार कोणी पाहावा? अँग्लिकनांनी बिशप ठेवले. प्रेस्बिटेरियनांनी निवडलेल्या वडीलजनांच्या सभेकडे अधिकार दिला. काँग्रिगेशनल पंथाने प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र मानली. समजत्या वयात श्रद्धा प्रकट केल्यावरच बाप्तिस्मा द्यावा, असा बॅप्टिस्टांचा आग्रह. अठराव्या शतकातील जॉन वेस्लीच्या जागृतीतून मेथडिस्ट पंथ निघाला, तर विसाव्या शतकात पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारा पेंटेकॉस्टल पंथ फोफावला.

ही नावे परकी वाटतील, परंतु त्यांतील कित्येकांना मराठी चेहरा आहे. कॅथलिक परंपरेत जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण गोव्यात राहून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. वसईच्या कॅथलिक समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पद्मनजी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेत, आले. आमचे गोरे अँग्लिकन. तेथेही त्यांचा शोध थांबला नाही. साध्या, बायबलनिष्ठ बाजूकडून ते प्राचीन परंपरा व उपासनाविधी जपणाऱ्या बाजूकडे वळले.

गोऱ्यांच्याच पत्राने पंडिता रमाबाईंच्या मनातील अखेरच्या शंका फिटल्या आणि १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बाई म्हणजे बाई! गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा त्यांनी तेथील भगिनींना सवाल केला. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. टिळकांनीही १९१७ साली मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या कल्पनेस वाहून घेतले. ख्रिस्त हवा, पण युरोपची भांडणे वारसा म्हणून का घ्यावीत, हा या दोघांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाला एक उत्तर महाराष्ट्राच्या भूमीवरच मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची पूर्वीच एक झालेली मंडळी होती. बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक गटही होता. म्हणजे गोरे, पद्मनजी आणि टिळक हे तिघे तीन वेगवेगळ्या दारांनी आत गेले, आणि पुढे ती तिन्ही दारे एकाच अंगणात उघडली. सर्व भेद मिटले असे नव्हे. कॅथलिक, सिरियन आणि पेंटेकॉस्टल मंडळी या ऐक्याबाहेर राहिली. दुसरा मेथडिस्ट गटही आला नाही. तरीही शतकांची भांडणे बाजूस ठेवण्याचे धैर्य नागपुरास दिसले, हे लहान नव्हे.

आता त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. दूर देशी राहणाऱ्या आपणा मराठी लोकांस ‘आपला कोण’ हे ठरवावेच लागते. गणेशोत्सव आपण हौसेने करतो आणि तो करावाच. पण तेवढ्यावरच मंडळाची कुंपणे घातली, तर ओवीत ख्रिस्तकथा गाणारे, कीर्तन करणारे टिळक आणि याच मातीत जन्मलेले गोरे कुंपणाबाहेर राहतील. त्यांचा धर्म आपण स्वीकारावा असे कोणी म्हणत नाही. त्यांची भाषा मात्र आपण नाकारू शकत नाही, कारण ती आपलीच आहे.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत झाशीतील एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब आपल्या दाराशी आले, तर ‘तुमचा पंथ कोणता?’ हे विचारण्याआधी ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ असे आपण विचारावे. आपल्यात पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.