श्रोत्यांचें वय आणि व्यापारी नभोवाणी

नभोवाणीवरून बोलणाऱ्यास आपला श्रोता दिसत नाहीं. कीर्तनकार सभामंडपांत उभा राहिला म्हणजे पुढच्या रांगेंत वृद्ध किती, मागें खांबाला टेकून पेंगणारीं पोरें किती, हें त्याला एका दृष्टिक्षेपांत कळतें आणि तदनुसार तो आपल्या आख्यानाचा सूर बदलतो. ज्या देगलूरचें नांव कीर्तनकारांच्या एका थोर परंपरेमुळें वारकरी संप्रदायांत आदरानें घेतलें जातें, त्या गांवास हें निराळें सांगावयास नको. नभोवाणीच्या वक्त्यास मात्र ही सोय नाहीं. आणि वेळ विकून ज्यास आपलें पोट भरावयाचें आहे त्या व्यापारी केंद्रास तर ही उणीव फारच जाचते. साबण विकणारा त्यास विचारतो, 'तुमचें ऐकणारे कोण? किती? आणि कोणत्या वयाचे?' या तीन प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठीं एक स्वतंत्र विद्याच निर्माण झाली आहे. तिचे आंकडे मोठ्या शहरांत गोळा होतात; त्यांवरून ठरलेलीं गाणीं आणि जाहिराती मात्र लहान गांवांच्या कानांवरहि येऊन पडतात.

या विद्येंतील दोन शब्दांची गल्लत फार होते. एक 'पोंच' आणि दुसरा 'हिस्सा'. केंद्र किती माणसांनीं ऐकलें ही झाली पोंच. सर्व केंद्रें मिळून जेवढा वेळ ऐकला गेला त्यांतील किती वेळ एका केंद्राच्या वांट्यास आला, हा झाला हिस्सा. समजा, एका गांवांत चाळीस तरुणांनीं एखादें केंद्र प्रत्येकीं पंधरा मिनिटें ऐकलें, आणि दहा वृद्धांनीं तेंच केंद्र प्रत्येकीं तीन तास ऐकलें. माणसें मोजलीं तर श्रोतृवर्ग तरुणांचा ठरतो, कारण पन्नासांत ते चाळीस आहेत. वेळ मोजला तर तरुणांचीं मिनिटें सहाशें आणि वृद्धांचीं अठराशें. म्हणजे ऐकलेल्या वेळेचे तीन चतुर्थांश वृद्धांचे. केंद्राचा चालक जाहिरातदारासमोर यांपैकीं कोणता आंकडा ठेवील, हें सांगण्यास ज्योतिषी नको. तरुणांचा बाजार मोठा, हा समज एकदां दृढ झाला कीं पहिलाच आंकडा पुढें येतो, आणि तीन तास कान देणारे ते दहा म्हातारे हिशेबांतून गळून पडतात.

देगलूरसारख्या ठिकाणीं तर हा हिशेब आणखीच गुंतागुंतीचा आहे. हें लेंडी नदीच्या परिसरांतील तालुक्याचें गांव नांदेड जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोंकास आहे. एका बाजूस तेलंगण, दुसऱ्या बाजूस कर्नाटकांतील बिदर जिल्हा. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां देगलूर तालुक्यांतीलच बिचकुंदा व जुक्कल हीं मंडळें तोडून आंध्र प्रदेशास जोडलीं गेलीं. जमिनीवर रेघ ओढतां येते. लहरींवर ती ओढतां येत नाहीं. त्यामुळें येथल्या रेडिओवर मराठीच्या शेजारीं तेलुगु गाणें सहज येऊन बसतें, आणि कानडी बोलहि येथल्या कानांस परके नाहींत. शिवाय वयाबरोबर भाषाहि बदलते. निजामी अमलांत राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळीं शाळेंत असलेली मंडळी आतां पंच्याऐंशीच्या पुढें गेली आहे. पण त्यांतील ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्यांना उर्दू बातमीपत्र व गझल यांची जी गोडी आहे ती त्यांच्या नातवंडांस समजूंहि शकत नाहीं. एकाच घरांत आजोबांची उर्दू, बापाची मराठी आणि नातवाची हिंदी असे तीन थर सांपडतात. मुंबईच्या कचेरींत बसून 'मराठी श्रोता' असा एकच कोठा आंखणाऱ्यास हे थर दिसावे कसे?

मुळांत श्रोत्यांची वयावार वांटणी ही गोष्टच रेडिओच्या आरंभीं नव्हती. हैदराबादचें नभोवाणी केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारच्या ताब्यांत आलें. पुढें औरंगाबादेसहि केंद्र निघालें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें लढाई थांबविल्याचें जाहीर केलें तें हैदराबादच्याच केंद्रावरून. त्या दिवसांत रेडिओचा संच म्हणजे चैनीची वस्तु होती. ज्याच्या माडीवर तारेची जाळी ताणलेली दिसे त्याच्या ओसरीवर अर्धी आळी जमे. तेथें पोर काय, तरुण काय, वृद्ध काय, सर्वांनीं एकच ऐकावयाचें. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रावरून दर आठवड्यास गीतरामायणाचें एकेक गीत प्रसारित होऊं लागलें, तेव्हां महाराष्ट्रांत लोक संचास हार घालून बसत असें सांगतात. त्या श्रोतृवर्गाचीं वयें कोणीं मोजलीं नाहींत, आणि मोजून उपयोगहि झाला नसता. संच एक असला म्हणजे श्रोता हा माणूस नसून घर असतें.

व्यापारी नभोवाणीनें या घराचें दार प्रथम ठोठावलें तें परदेशांतून. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याकरितां उभारलेलें प्रबळ लघुलहरी यंत्र युद्धानंतर सिलोनच्या हातीं आलें, आणि तेथल्या व्यापारी विभागानें हिंदी चित्रपटगीतांचा सदावर्तच उघडला. योग असा कीं, १९५२ सालीं दिल्लींत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणीचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची अलोट निष्ठा; चित्रपटगीतांस आकाशवाणीवर त्यांनीं जवळ जवळ दार बंद केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सायानी यांचा आवाज आला कीं रस्ते ओस पडत, ही आठवण गांवोगांव सांपडते. केसकरांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. पण लोकांस सुधारावें म्हणून ताटांतली चटणी काढून घेतली तर लोक शेजारच्या घरीं जेवावयास जातात, एवढें त्यांच्या लक्षांत यावयास हवें होतें.

श्रोते मोजण्याच्या दृष्टीनें गीतमालेचें महत्त्व निराळें आहे. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रें आलीं, असें सायानी सांगत. पुढें गाण्यांचा क्रम लावतांना दुकानांतील तबकड्यांचा खप आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांचीं मतें हे दोन आधार घेतले जात. हे दोन्ही आधार कोणाचे? पत्र लिहिण्यास हौस, फुरसत व अक्षरओळख लागते. तबकडी विकत घेण्यास पैसा लागतो. म्हणजे टपालाच्या पेटींतून वर आला तो श्रोता बहुधा शिकलेला तरुण. चुलीपुढें भाकरी थापतां थापतां तेंच गाणें ऐकणारी त्याची आई, दावणीला बैल बांधून उंबऱ्यांत टेकलेला त्याचा बाप, यांचें पत्र कधीं गेलें नाहीं. व्यापारी नभोवाणी तरुणांची, हा समज असा टपालानें आला आहे.

आकाशवाणीस शहाणपण सुचावयास पांच वर्षें लागलीं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती निघाली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथून तिजवर जाहिराती घेण्यास आरंभ झाला. त्या काळच्या वेळापत्रकाकडे पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते: वयाचे कोठे नव्हते, पण प्रहरांचे होते. सकाळीं भक्तिगीतें, तीं वडील मंडळींसाठीं. दुपारीं 'वनिता मंडळ'. संध्याकाळीं 'कामगार सभा', शेतकऱ्यांचे बाजारभाव. मुलांकरितां 'गम्मत जम्मत', आणि निवडीचीं गाणीं ऐकवणारी 'आपली आवड' सर्वांसाठीं. प्रत्येक वयास दिवसाचा एक तुकडा दिलेला होता, आणि इतर वयांनीं तो मुकाट्यानें ऐकावा असा अलिखित करार होता. नातू अभंग ऐकत मोठा होई आणि आजी नको असतांहि नवें चित्रपटगीत शिके.

हा करार कोणीं मोडला? कोणा केंद्रानें नव्हे, ट्रान्झिस्टरनें. संच भिंतीवरून उतरला आणि गड्याच्या खांद्यावर बसून शेतांत गेला. घरांत दुसरा संच आला, मग मोबाईलमध्येंच एफ्. एम्. आलें, आणि शेवटीं दोन तारा थेट कानांत गेल्या. जेथें एका घरास एक संच होता तेथें एका कानास एक संच झाला. त्या क्षणापासून वयाचा हिस्सा मोजणें शक्यहि झालें आणि किफायतशीरहि.

येथें एक नाजूक प्रश्न आहे. साठीच्या माणसास रेडिओ आवडतो तो तो साठीचा आहे म्हणून, कीं तो रेडिओच्या काळांत तरुण होता म्हणून? पहिलें खरें असेल तर आजचा वीस वर्षांचा मुलगा चाळीस वर्षांनीं आपोआप रेडिओकडे वळेल, आणि केंद्रांनीं निश्चिंत राहावें. दुसरें खरें असेल तर तो कधींच वळणार नाहीं. १९५२ सालीं पंधरा वर्षांचा असलेला गीतमालेचा श्रोता आज नव्वदीच्या घरांत आहे. रेडिओ त्याच्याबरोबरच म्हातारा झाला. देगलूरच्या बाजारांत उघड दिसतें तें दुसऱ्या पक्षास बळ देणारें आहे. शिंप्याच्या यंत्राशेजारीं, पिठाच्या गिरणींत, चहाच्या हॉटेलांत जेथें रेडिओ वाजतो तेथें त्याचा कान पिळणारा हात बहुधा पन्नाशीपुढचा असतो. तरुणाचें गाणें त्याच्या मोबाईलवर, त्यास हवें तेव्हां, हवें तें. मात्र अशा ठिकाणीं गिऱ्हाइकाच्या कानांवर रेडिओ पडतोच. आणि घराबाहेरचें हें ऐकणें नेमकें मोजदादींतून निसटतें.

ही मोजदाद होते कशी तेंहि पाहण्याजोगें आहे. २००१ सालीं बंगळुरास पहिलें खासगी एफ्. एम्. केंद्र निघालें, आणि पुढें नांदेडपर्यंत खासगी केंद्रें आलीं. २००७ सालीं मुंबई, दिल्ली व बंगळूर येथें श्रोतृगणना सुरू झाली. बारा वर्षांवरील निवडक माणसांना डायऱ्या दिल्या जात. दिवसाच्या कोणत्या वेळीं कोणतें केंद्र ऐकलें तें त्यांनीं भरावयाचें. समजा, एका शहरांत अशीं पांचशें माणसें आहेत. पुरुष व स्त्रिया असे दोन भाग, आणि प्रत्येकांत वयाचे पांच गट केले तर एका कोठ्यांत पन्नास माणसें उरतात. म्हणजे एक माणूस शेंकडा दोन झाला. त्या आठवड्यांत एका आजोबांस ताप आला तर त्या वयाच्या पुरुषांचा हिस्सा हलतो, आणि त्यावर लाखो रुपयांच्या जाहिराती इकडून तिकडे जातात! शिवाय डायरी भरण्यास चिकाटी लागते, आणि बारा वर्षांखालील मूल श्रोताच नव्हे असें धरावें लागतें. वास्तविक धुण्याच्या पावडरींचीं आणि दंतमंजनांचीं जाहिरातगीतें घरांत सर्वांआधीं पाठ होतात तीं याच पोरांना.

आणि हें सर्व महानगरांत. देगलूरची वस्ती पन्नास हजारांहून अधिक असली तरी तेथल्या कोणाच्या हातीं अशी डायरी पडली नाहीं. लहान शक्तीच्या एफ्. एम्. केंद्राचा आवाज साधारणतः चाळीस किलोमीटरांपलीकडे नीट जात नाहीं, आणि नांदेड त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. जेथें आवाजच पोंचत नाहीं तेथें मोजावें काय, असें शहरचा हिशेबनीस म्हणेल. तें व्यवहाराला धरूनच आहे. पण देगलूरच्या व्यापाऱ्याचा व्यवहारहि पाहिला पाहिजे. मृग निघाला कीं सोयाबीन, तूर व कापूस यांचें बियाणें विकावयाचें असतें. कोणती पिशवी घ्यावी हें ठरवितो पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा शेतकरी. लग्नाचा बस्ता कोणत्या दुकानीं बांधावयाचा हें ठरविते घरांतील वडील बाई. शीतपेय मागतो मुलगा, हें खरें. पण पैसे निघतात ते दुसऱ्याच खिशांतून. ऐकणाऱ्याचें वय आणि विकत घेणाऱ्याचें वय हीं एक नव्हेत, आणि वयाच्या कोष्टकांत हा भेद कोठेंच उमटत नाहीं. तरुणांवर डोळा ठेवून आखलेल्या केंद्रावर बियाण्याची जाहिरात दिली तर ती पोंचावयाची त्यास पोंचतच नाहीं.

विलायतेंतील व्यापारी केंद्रांनीं या बाबतींत अलीकडे चांगलाच धडा घेतला आहे. तेथें १९९२ पासून बी. बी. सी. व खासगी केंद्रें यांची मिळून एकच श्रोतृगणना होते. त्यामुळें आपले आंकडे आपणच फुगविण्यास जागा कमी. २०२३ सालीं केन ब्रूस हे सत्तरी ओलांडलेले लोकप्रिय निवेदक बी. बी. सी. सोडून जुनीं गाणीं वाजविणाऱ्या एका व्यापारी केंद्राकडे गेले, आणि त्यांच्यामागें श्रोत्यांचा मोठा समुदाय तिकडे लोटला. पिकलेल्या केसांच्या श्रोत्याजवळ वेळहि असतो आणि पैसाहि असतो, हें तिकडच्या जाहिरातदारांस उमगलें आहे. आपल्याकडे अजून तें उमगावयाचें आहे.

२०२३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें मोबाईल बनविणाऱ्यांस सूचना दिली कीं, संचांत एफ्. एम्. ग्राहक असेल तर तो बंद ठेवूं नये; गरिबास फुकट ऐकतां यावें आणि आपत्काळीं बातमी पोंचावी, हा हेतु. ऑगस्ट २०२४ मध्यें २३४ नव्या शहरांत खासगी एफ्. एम्. वाहिन्यांचा लिलाव करण्यास मंत्रिमंडळानें मान्यता दिली. त्या यादींत मराठवाड्यांतून लातूर आहे, आणि देगलूरच्या शेजारचें उदगीरहि आहे. देगलूर नाहीं. उदगीरास उद्यां एखादें केंद्र निघालेंच, तर त्याच्या मनोऱ्याची उंची किती आणि यंत्राची शक्ति किती यावर देगलूरच्या छपरांवर त्याचा आवाज येईल कीं नाहीं तें ठरेल. तो आला तर सीमेपलीकडच्या मदनूरलाहि थोडाफार जाईल, आणि तेथल्या वृद्धांच्या कानीं मराठी अभंग व देगलूरच्या दुकानदाराची जाहिरात एकाच वेळीं पडेल. मात्र त्या केंद्राचा हिस्सा मोजण्यास कोणी निघालाच, तर त्यानें डायरींत भाषेसाठीं एकाहून अधिक रकाने आंखून आणावे, आणि वयाचा शेवटचा रकाना 'पंचेचाळीस व त्यापुढें' असा एकत्र बांधूं नये.