आयगरच्या पोटांतून, आयगरच्या पायथ्यानें

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतांत इंटरलाकेन नांवाचें गांव दोन सरोवरांच्या मध्यें वसलेलें आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी अर्ध्या तासाच्या आंत लाउटरब्रुनेनच्या दरींत शिरते, आणि प्रवाशाची मान आपोआप मागें झुकते. दोन्ही बाजूंस ताशीव कडे उभे. मध्यें कुरणें, लांकडी घरें, एक देऊळ आणि फेंसाळणारी नदी. डाव्या-उजव्या कड्यांवरून पाण्याच्या धारा सुटलेल्या असतात. त्यांतील ष्टाउबबाख या धबधब्याची उडी जवळजवळ ३०० मीटरांची. एवढ्या उंचीवरून पडणारें पाणी तळाशीं पोहोंचेपर्यंत पाणी राहतच नाहीं. वारा त्याची धूळ करून टाकतो. म्हणूनच लोकांनीं त्याला ‘धुळीचा ओढा’ असें नांव दिलें. श्रावणांत सह्याद्रीचे कडे ज्यानें पाहिले आहेत त्याला हें दृश्य अगदींच परकें वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, येथें पाण्याचा सांठा ढगांत नसून बर्फांत आहे, व तो भर उन्हाळ्यांत मोकळा होतो.

लाउटरब्रुनेनला गाडी बदलावी लागते. येथून पुढची वाट साध्या रुळांच्या आटोक्यांतील नव्हे. बोरघाट चढतांना आगगाडी सदतीस फुटांस एक फूट वर जाते, आणि तेवढ्यासाठीं मागून इंजिनें लावावीं लागतात. येथें कांहीं ठिकाणीं चार फुटांस एक फूट अशी चढण आहे. लोखंडावर लोखंड अशा ठिकाणीं घसरणारच. यास्तव दोन रुळांच्या मध्यें दांते असलेली तिसरी पट्टी बसविलेली असते व गाडीखालचें दांतेरी चाक त्या दांत्यांत अडकत अडकत, शिडी चढणाऱ्या माणसाप्रमाणें, वर सरकतें. सन १८९३ मध्यें सुरू झालेला हा वेंगर्नआल्पचा लोहमार्ग १९ किलोमीटर लांब आहे. जातां जातां सांगावयाचें तर, बोरघाटाचा व या देशाचा संबंध केवळ तुलनेपुरता नाहीं. सन १९२८ नंतर घाटांतून मालगाड्या ओढणारीं, रेल्वेच्या लोकांत ‘खेकडा’ म्हणून ओळखलीं गेलेलीं विजेचीं जीं इंजिनें होतीं, त्यांतील पहिलीं स्वित्झर्लंडांतील विंटरथुरच्या कारखान्यांत घडविलेलीं होतीं.

वेंगेन गांवांत मोटारी नाहींत. तें मागें पडतें, देवदाराच्या जातीचीं झाडें विरळ होतात, आणि २,०६१ मीटर उंचीवरील क्लाइने शायडेक या खिंडींत गाडी येऊन थांबते. समोर तीन शिखरें एका ओळींत उभीं असतात : आयगर, मोंख आणि युंगफ्राउ. मोंख म्हणजे संन्यासी व युंगफ्राउ म्हणजे कुमारिका. आयगर, अर्थात् राक्षस, या कुमारिकेवर झडप घालावयास टपलेला आहे आणि संन्यासी मध्यें उभा राहून तिचें रक्षण करितो, अशी गोष्ट तेथें सांगतात. भाषेचे जाणकार आयगर शब्दाचा हा अर्थ मान्य करीत नाहींत. परंतु त्या पर्वताची उत्तरेकडील काळी भिंत एकदां पाहिली म्हणजे जाणकारांपेक्षां गोष्टच खरी वाटूं लागते.

या भिंतीच्या आंतून आगगाडी नेण्याचें ज्यानें मनांत आणलें तो झुरिकचा एक कापड-कारखानदार होता. आडोल्फ ग्यूयर-त्सेलर हें त्याचें नांव. १८९३ सालच्या ऑगस्टमध्यें तो आपल्या मुलीबरोबर समोरच्या डोंगरावरून पायीं उतरत होता. त्याच उन्हाळ्यांत सुरू झालेली दांतेरी रुळांची गाडी त्याला पलीकडच्या उतारावर चढतांना दिसली, आणि तिच्या मागें युंगफ्राउचें शुभ्र शिखर होतें. ही गाडी शायडेकलाच कां थांबावी, असा प्रश्न त्याच्या मनांत आला. त्याच रात्रीं म्युरेन येथील हॉटेलांत त्यानें आयगर व मोंख यांच्या पोटांतून जाणारी रेघ कागदावर आंखली. त्याच्या अगोदरहि युंगफ्राउवर चढण्याच्या योजना निघाल्या होत्या. एका अभियंत्यानें तर मोठ्या नळींतून हवेच्या दाबानें डबे वर ढकलण्याचें सुचविलें होतें. ग्यूयर-त्सेलरची रेघ मात्र कागदावर राहिली नाहीं. १८९६ मध्यें खोदाई सुरू झाली, आणि सात वर्षांत शिखर गांठावयाचें असें ठरलें.

खोदणारे बहुतेक इटालियन मजूर होते. आयगरच्या हिमनदीजवळ त्यांची वसाहत होती. हिवाळ्यांत खालची गाडी बंद असे. त्यामुळें महिनोगणती पुरेल इतकें धान्य, मांस, इंधन बर्फ पडण्यापूर्वींच वर सांठवून ठेवावें लागे. बाहेर वादळ, आंत दगड, आणि दिवस-रात्र सुरुंगांचे आवाज. फेब्रुवारी १८९९ मध्यें सुरुंगाच्या एका स्फोटांत सहा मजूर ठार झाले. पुढच्या एप्रिलांत ग्यूयर-त्सेलरहि मरण पावला. पैसा आटला, संप झाले, काम थांबलें, पुन्हां सुरू झालें. १९०८ मध्यें आयगरवांट येथील सुमारें तीस टन दारूचा सांठा अकस्मात् उडाला. शिखराचा नाद अखेर सोडावा लागला आणि दोन शिखरांमधील खिंड, म्हणजे युंगफ्राउयोख, हाच शेवट ठरला. तेथें पहिली गाडी १ ऑगस्ट १९१२ रोजीं पोहोंचली. सात वर्षांचीं सोळा झालीं होतीं, आणि या कामीं तीस माणसें दगावलीं होतीं. शिल्पकाराचें नांव सर्वांस ठाऊक आहे. या तीसांचीं नांवें कोणत्याहि प्रवाशाच्या ओठावर नाहींत.

आज शायडेकहून निघालेली गाडी थोडा वेळ उघड्यावर चालते व मग सात किलोमीटरांहून लांब अशा बोगद्यांत शिरते. खिडकीबाहेर ओलसर दगडाशिवाय कांहीं दिसत नाहीं. निसर्ग पाहण्यासाठीं निघालेल्या मनुष्याला इतका वेळ अंधारांत बसावें लागावें, ही या प्रवासाची मौज म्हणावी कीं विटंबना, हें ज्याचें त्यानें ठरवावें. वाटेंत ‘आइसमेर’ अर्थात् बर्फाचा समुद्र या ठिकाणीं गाडी पांचएक मिनिटें थांबते. डोंगर फोडून बसविलेल्या मोठ्या कांचांतून पलीकडच्या हिमनदीच्या भेगा, निळसर, घराएवढ्या खोल, समोर दिसतात. पूर्वीं आयगरवांट येथेंहि गाडी थांबत असे आणि प्रवासी थेट उत्तर-भिंतीच्या मध्यावरून खालीं डोकावत. सन २०१६ पासून तो थांबा बंद झाला आहे.

याच भिंतीला आणखी एक लहानसें भोंक आहे. बोगदा खोदतांना निघालेला दगड बाहेर लोटण्यासाठीं तें पाडलें होतें. १९३६ च्या जुलैमध्यें या भोंकाला निराळेंच महत्त्व आलें. त्या वेळीं उत्तर-भिंत कोणीहि चढलेली नव्हती. आंद्रेआस हिंटरश्टोइसर, टोनी कुर्त्झ, विली आंगेरर व एडी राइनर हे चौघे तरुण तिच्यावर चढले. वाटेंत एक गुळगुळीत कडा हिंटरश्टोइसरनें दोराच्या आधारानें झोंके घेत आडवा ओलांडला. सगळे पार झाल्यावर तो दोर त्यांनीं ओढून घेतला. परत येण्याचा प्रसंग आला तर काय, हा विचार त्या वेळीं कोणाच्या मनांत आला नसावा. दगड लागून आंगेरर जखमी झाला. परतणें भाग पडलें. आणि तो कडा आतां उलट ओलांडतां येईना. सरळ खालीं उतरण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

आल्बेर्ट फॉन आलमेन हा रेल्वेचा पहारेकरी होता. त्यानें भोंकाचा दरवाजा उघडून वर हांक मारली. वरून उत्तर आलें, सर्व ठीक आहे. तो आनंदानें आंत गेला व त्यांच्यासाठीं चहा ठेवला. बराच वेळ झाला तरी कोणी येईना, म्हणून त्यानें पुन्हां दार उघडलें. तों मदतीसाठीं एकट्याचाच आक्रोश ऐकूं आला. मधल्या वेळांत हिमप्रपात कोसळून तिघे गेले होते आणि तेवीस वर्षांचा कुर्त्झ तेवढा दोराला लोंबकळत होता. वाटाडे आगगाडीच्या त्याच भोंकांतून भिंतीवर आले, परंतु अंधार पडला. एक अख्खी रात्र त्यानें तशीच काढली. दुसऱ्या दिवशीं एक हात गोठलेला असतांना त्यानें दोराचे पीळ दांतांनीं व एका हातानें सोडविले, ते जोडून खालीं सोडले, आणि वाटाड्यांचे दोर वर ओढून घेतले. पण ते एकमेकांस बांधावे लागले होते. उतरतां उतरतां ती गांठ त्याच्या कमरेच्या कडींत अडकली. ती निघेना. वाटाड्यांपासून अगदीं थोड्या अंतरावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यानें प्राण सोडला. दोन वर्षांनीं, १९३८ मध्यें, चौघांनीं ती भिंत चढून दाखविली.

गाडी ३,४५४ मीटरांवर थांबते. यूरोपांत याहून उंच आगगाडीचें स्थानक नाहीं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें दोन-तृतीयांश असल्यामुळें चार पायऱ्या चढतांच धाप लागते; येथें हळू चालणें हाच शहाणपणा. बाहेर सज्ज्यावर आलें म्हणजे दक्षिणेकडे आलेच हिमनदी पसरलेली दिसते. आल्प्समधील ही सर्वांत लांब हिमनदी. लांबी वीस किलोमीटरांच्या आसपास. कॉंकोर्डिया येथें तीन प्रवाह एकत्र येतात व बर्फाची जाडी आठशें मीटरांच्या घरांत जाते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही नदी तीन किलोमीटरांहून अधिक मागें हटली आहे. स्वित्झर्लंडच्या एकंदर हिमनद्यांतील बर्फापैकीं सुमारें दहावा हिस्सा २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत वितळून गेला. दुपारच्या उन्हांत सज्ज्यावरून पाहणाऱ्याला मात्र सगळें अचल भासतें.

परततांना आयगरग्लेचर येथें उतरावें. येथून ग्रिंडेलवाल्डकडे दोरावरचा पाळणा जातो. सन २०२० च्या डिसेंबरांत तो सुरू झाला. दोन जाड स्थिर दोर भार वाहतात आणि तिसरा फिरता दोर ओढतो. त्यामुळें वाऱ्यांतहि पाळणा फारसा डुलत नाहीं. सव्वीस माणसें बसतील अशी एकेक खोली, आणि जवळजवळ चौदाशें मीटरांची उंची पंधरा मिनिटांत सरते. या भागांत ही कल्पना नवी नाहीं. ग्रिंडेलवाल्डजवळच्या वेटरहॉर्न शिखराच्या अंगावर १९०८ सालींच माणसांसाठीं दोराचा पाळणा बसविला होता. पुढचे टप्पे व्हावयाचे होते, पण पहिलें महायुद्ध आलें, प्रवासी येईनासे झाले, आणि तो जो बंद पडला तो कायमचाच. नव्या पाळण्यावर गांवांत वादहि पुष्कळ झाला. आयगरच्या समोर तारा कां ताणाव्या, असें विचारणाऱ्यांचा प्रश्न गैर नव्हता.

ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्यानें मात्र पाळण्याकडे पाठ फिरवावी. आयगरग्लेचरहून अल्पिग्लेनपर्यंत भिंतीच्या पायथ्यालगत एक पायवाट आहे. लांबी सहा किलोमीटर, उतार सुमारें सातशें मीटरांचा, वेळ दोन तास. पायाखालीं सुटे दगड. त्यांतून पिवळीं, जांभळीं रानफुलें. मधूनच वितळलेल्या बर्फाचा ओहोळ आडवा येतो व बूट भिजवितो. डाव्या हातास दरी आणि उजव्या हातास भिंत. तिचा माथा पाहण्यासाठीं थांबावें लागतें, कारण चालतां चालतां वर पाहिल्यास तोल जातो. वरून कधीं एखादा दगड सुटतो, आणि त्याचा आवाज मागाहून, जणूं दुसऱ्याच ठिकाणाहून, येतो. दुर्बीण असेल तर आयगरवांटच्या खिडक्या सांपडतात. त्या भल्यामोठ्या काळ्या विस्तारांत त्या तिळाएवढ्या दिसतात. त्यांहून लहान असें तें भोंक शोधावयास बराच वेळ लागतो.

अल्पिग्लेनच्या कुरणांत गाईंच्या गळ्यांतील घंटा वाजत असतात. स्थानक इवलेंसें आहे. बाकावर बसून बुटांतले खडे झाडून होतात न होतात तोंच दांतेरी चाकांची घरघर ऐकूं येते, आणि ग्रिंडेलवाल्डला जाणारी गाडी वळणावर दिसूं लागते.