खारफुटीचे मोल कोणाच्या खात्यावर?



२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर पारादीपजवळ महाचक्रीवादळ येऊन धडकले. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता आणि त्याने जमिनीवर लोटलेल्या समुद्राची उंची पाच ते सहा मीटर होती. सरकारी हिशेबाप्रमाणे ९,८८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक माणसे एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील होती आणि त्यांतही सर्वांत मोठा संहार एरसमा भागात झाला. मातीच्या भिंती व गवताची छपरे असलेल्या घरांत राहणारे शेतमजूर, मच्छीमार आणि तुकड्या-तुकड्यांवर भात पिकविणारे अल्पभूधारक यांची ही वस्ती होती.

अशा प्रसंगी शासनाच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : नैसर्गिक आपत्ती. मराठी शेतकऱ्याची भाषा या बाबतीत अधिक नेमकी आहे. तो संकटाचे अस्मानी आणि सुलतानी असे दोन भाग करतो. बंगालच्या उपसागरात वादळ जन्मास येते हे अस्मानी खरे. परंतु ते वादळ किनारा ओलांडून आत शिरते तेव्हा त्याच्या वाटेत काय उभे असते, काय तोडले गेलेले असते, आणि कोणाचे घर सर्वांत पुढे असते, हे ठरविणारा हात अस्मानातला नसतो.

ओडिशाच्या या किनाऱ्यावर एके काळी खारफुटीचा रुंद पट्टा होता. कोकणात ज्याला तिवर, चिपी, कांदळ म्हणतात त्याच कुळातील ही झाडी. केंद्रपाडा जिल्ह्यात १९४४ साली ती सुमारे ३० हजार हेक्टर होती. १९९९ च्या वादळापूर्वी ती १८ हजार हेक्टरांच्या आसपास उरली होती. क्षेत्राहून रुंदीचा आकडा अधिक बोलका आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये पूर्वी सरासरी पाच किलोमीटर खारफुटी असे, ती सव्वा किलोमीटरवर आली. कनिकाच्या जमीनदाराच्या मालकीचा भितरकनिका हा भाग १९७५ साली अभयारण्य झाला म्हणून तेथे जंगल टिकले. दक्षिणेकडे मात्र भातशेतीसाठी, नव्या वसाहतींसाठी आणि पुढे कोळंबीच्या तळ्यांसाठी ते तुटत गेले. १९६० च्या दशकात पारादीपचे बंदर याच दलदलीच्या किनाऱ्यावर उभे राहिले.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. एरसम्यात जंगल नव्हते म्हणून माणसे मेली आणि केंद्रपाड्यात होते म्हणून वाचली, असे सरळ विधान सभेत टाळ्या मिळवील. पण ते प्रामाणिक नाही. वादळाचा मारा जगतसिंगपूरवरच अधिक होता. म्हणून सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी दोन जिल्ह्यांची तुलना टाळली आणि केंद्रपाड्याच्याच चारशेहून अधिक गावांचा हिशेब मांडला. समुद्रापासूनचे अंतर, पाण्याची उंची, जमिनीचा सखलपणा, लोकांची सांपत्तिक स्थिती हे सारे लक्षात घेऊनही निष्कर्ष असा निघाला, की ज्या गावापुढे खारफुटीचा पट्टा अधिक रुंद होता तेथे मृत्यू कमी झाले. उरलेले जंगलही नसते, तर प्रत्येक गावामागे सरासरी पावणेदोन माणसे अधिक मेली असती. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पावणेदोन हा आकडा लहान वाटेल. परंतु चारशे गावांनी गुणिल्यावर तो सातशेच्या घरात जातो.

झाडे हे कसे करतात यात गूढ काही नाही. खारफुटीची मुळे जमिनीबाहेर कमानीसारखी वा खुंट्यांसारखी वाढलेली असतात. त्यांच्या जाळ्यातून जाताना पाण्याला घर्षण होते आणि त्याचा वेग मोडतो. शंभर मीटर रुंदीच्या पट्ट्यात वाऱ्याने उठलेल्या लाटांची उंची १३ पासून ६६ टक्क्यांपर्यंत उतरते असे निरनिराळ्या देशांतील मोजमापांवरून दिसते. वादळाने लोटलेल्या फुगवट्याची गोष्ट निराळी आहे. तो दर किलोमीटरला पाचपासून पन्नास सेंटिमीटरपर्यंतच कमी होतो. म्हणजे सव्वा किलोमीटर रुंदीच्या झाडीने सहा मीटर पाणी अडविले असे कोणी सांगू लागल्यास त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तिने अडविला तो पाण्याचा आवेग. गुडघाभर का होईना कमी झालेले आणि संथ झालेले पाणी भिंत पाडीत नाही, मूल हातातून हिसकावून नेत नाही. छपरावर वा झाडावर चढण्यास चार क्षण देते. शिवाय हीच मुळे गाळ धरून ठेवतात आणि किनारा मागे सरू देत नाहीत. वादळ नसते तेव्हाही हे काम चालू असते.

आता दुसरी एक पाहणी. रुची बडोला व एस. ए. हुसेन यांनी भितरकनिका परिसरातील तीन गावे निवडली. बांकुअल हे गाव खारफुटीच्या आडोशाला होते. सिंगिडी या गावापुढे काहीच नव्हते. बंधमाल या गावापुढे खारफुटी नव्हती, पण सरकारने बांधलेला मातीचा बांध होता. १९९९ च्या वादळात दर कुटुंबामागे झालेले नुकसान बांकुअलमध्ये सुमारे ३३ डॉलर, सिंगिडीत ४४ डॉलर आणि बंधमालमध्ये सुमारे १५४ डॉलर भरले. बांध असलेल्या गावाचे नुकसान उघड्या गावाच्या तिपटीहून अधिक! कारण साधे आहे. बांध फुटला तेव्हा खारे पाणी आत आले, आणि समुद्र ओसरल्यावर तोच बांध त्या पाण्याला बाहेर जाऊ देईना. शेते खाऱ्या पाण्याखाली कुजत राहिली.

यावरून बांध सर्वत्र निरुपयोगी ठरतात असे नाही. कोकणातील खारबंदिस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि रायगडच्या खारेपाटातील शेतकरी तिच्यावर जगला आहे. पण त्या शेतकऱ्याला हेही ठाऊक असते, की उघाडीची झडप वेळेवर उघडली पाहिजे, बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवर राहिले तर बांध टिकतो, आणि डागडुजी गावकीच्या हाती असली तर ती वेळेवर होते. ते काम खात्याकडे आणि खात्याकडून ठेकेदाराकडे गेले म्हणजे बांधाचे अंदाजपत्रक वाढते आणि झडपा गंजत पडतात. तिवराची निविदा निघत नाही, त्याला सिमेंट लागत नाही, त्याच्या उद्‌घाटनाचा नारळ फुटत नाही. शासकीय योजनांत त्याला जे स्थान मिळते त्याचे एक कारण हेही असावे.

समाजवादी कार्यकर्त्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा गाभा एका हिशेबात आहे, आणि तो हिशेबही सौदामिनी दास यांनीच मांडला आहे. खारफुटी शाबूत असलेल्या एका हेक्टरचे, वादळापासून मिळणारे संरक्षण धरून, १९९९ च्या किमतीने मोल सुमारे ३ लाख ६० हजार रुपये येत होते. तीच जमीन झाडी तोडून विकावयास काढली तर बाजारात सुमारे २ लाख रुपये मिळत. साध्या अंकगणिताने कोणीही झाडी तोडू नये. तरीही ती तुटत आली. का? कारण २ लाख रुपये एका माणसाच्या खिशात पडतात, खरेदीखत होते, कर्ज मिळते, कोळंबी परदेशी जाते. ३ लाख ६० हजार रुपये कोणाच्याच खिशात पडत नाहीत. न पडलेल्या भिंती, न मेलेली गुरे, न बुडालेले बियाणे यांच्या रूपाने ते शेकडो घरांत विखुरलेले असतात. त्यांचा सातबारा नाही. बाजाराला जे दिसत नाही ते बाजार तोडतो. आणि ज्याचे नुकसान होते तो खरेदीखताच्या वेळी साक्षीदार म्हणूनही हजर नसतो.

मात्र तोडणारे सगळे एकाच पंक्तीचे नव्हेत. भूमिहीन कुटुंबाने पोटासाठी दलदलीत दोन बिघे भात लावणे आणि धनिकाने शेकडो एकरांवर कोळंबीची तळी खोदणे यांना एकच कलम लावणारा कायदा न्याय्य नव्हे. जंगल राखण्याच्या नावाने शासनाची पहिली काठी नेहमी दुबळ्याच्याच पाठीत बसते. भितरकनिकेला लागून असलेला गहिरमाथा १९९७ साली सागरी अभयारण्य झाला. तेथे नोव्हेंबर ते मे हे सात महिने कासवांसाठी मासेमारी बंद असते, आणि त्या बंदीचा भार होडीवाल्या मच्छीमारांवर येतो. कासव वाचले पाहिजे यात शंका नाही. पण ज्या खारफुटीच्या मुळांत मासळीची पिले वाढतात ती टिकविण्यात ज्याचा रोजचा स्वार्थ आहे, त्यालाच शत्रू करून ठेवले तर जंगलाची राखण करावयाची कोणी? बंदुकीने जंगल राखता येते, असे वनखात्याला अजूनही वाटते.

एवढे सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण पर्यावरणाच्या चळवळीत ती बहुधा गाळली जाते. दास व व्हिन्सेंट यांच्याच अभ्यासात असे आढळले, की केंद्रपाड्यात खारफुटीने जितके प्राण वाचविले त्यापेक्षा अधिक प्राण शासनाने वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने वाचविले. १९९९ साली किनाऱ्यावर पक्की निवारागृहे मोजकीच होती. आज ती आठशेहून अधिक आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना हलविण्यात आले. मे २०१९ मध्ये फनी आले तेव्हा सुमारे बारा लाखांना. दोन्ही वेळा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे सार्वजनिक यंत्रणेचे यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. खारफुटी आहे म्हणून निवारा नको, असे म्हणणारा निसर्गप्रेमी असेल. गरिबांचा मित्र नव्हे. पण निवाऱ्यात माणूस जातो, त्याचे शेत जात नाही. परत आल्यावर ते शेत गोडे आहे की खारे, म्हैस आहे की नाही, यावर तो कुटुंबासह शहराच्या पदपथावर येतो की गावात राहतो हे ठरते. २४ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री दाना हे चक्रीवादळ भितरकनिका व धामरा यांच्या दरम्यान, म्हणजे उरल्यासुरल्या खारफुटीच्या तोंडावरच, किनाऱ्याला लागले. त्या वेळी लोक हलविलेले होते आणि जंगलही उभे होते. दोन्ही होते, हे महत्त्वाचे.

ओडिशाची ही हकीकत मुंबईत ऐकविण्याचे कारण दूर शोधावे लागत नाही. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते त्या भागातील खाजणे व तिवरे बुजवून गेल्या अर्धशतकात वांद्रे-कुर्ला संकुल वसविण्यात आले. विमानतळानेही नदीचे पात्र आवळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला पेलला नसता हे खरे. पण भरतीच्या वेळी ते पाणी पसरावयास जी जागा हवी होती तिच्यावर काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि ते कुर्ला-कलिन्याच्या चाळींत व झोपड्यांत शिरले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात असल्याचे सांगितले. मात्र सार्वजनिक हिताच्या कामासाठी न्यायालयाची परवानगी घेऊन तोडता येईल अशी वाट मोकळी राहिली. त्या वाटेने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास परवानगी मिळाली.

अशा प्रत्येक परवानगीला भरपाईच्या लागवडीची अट जोडलेली असते. एक तोडा, पाच लावा. वनखात्याच्या वहीत हा हिशेब जुळतो. खाडीकाठच्या वस्तीच्या हिशेबात जुळत नाही. बंधमालपुढची खारफुटी दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात लावून बंधमालचे घर वाचले नसते. संरक्षण झाडांच्या संख्येत नसते. कोणत्या घराच्या पुढे ती झाडे उभी आहेत यात असते. शिवाय नव्या रोपाला लाट मोडण्याइतके मोठे होण्यास बरीच वर्षे लागतात आणि मधल्या पावसाळ्यांत त्याच्यामागे कोण राहतो हे अर्जात लिहावे लागत नाही.

म्हणून खाडीकाठच्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. एखाद्या गावात वा वस्तीत खारफुटीची जमीन प्रकल्पाला जाणार असल्याची नोटीस लागली, तर झाडांची संख्या विचारण्याआधी त्या झाडांमागील घरांची यादी करावी : किती घरे, कोणाची, जमिनीची उंची किती, २००५ साली पाणी कोठवर आले होते. हे मोजण्यास मोठा तज्ज्ञ लागत नाही. कोळीवाड्यातील वयस्क माणसांना भिंतीवरच्या खुणा ठाऊक असतात. ही यादी हरकतीसोबत दाखल व्हावी आणि ग्रामसभेत वाचली जावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कदार ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला आहे आणि खारफुटी हेही वनच आहे. तरी या अधिकाराचा उपयोग किनाऱ्यावर फारसा कोणी करीत नाही. राज्य शासनाच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून खाडीतील गावांसाठी खेकडापालन, कालवपालन अशा उपजीविकेच्या योजना चालविल्या आहेत. त्यांची माहिती आणि अर्ज घेऊन कार्यकर्ते कोळीवाड्यांत गेले, तर घरांची यादी करण्याचे काम त्याच फेरीत होऊ शकेल.