कोळशाच्या गावातून



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, वीजतज्ज्ञ नाही. पण चंद्रपूरची मुलगी आहे. आपल्यापैकी अनेकांचे वडील खाणीत किंवा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात होते. आपल्या वह्या-पुस्तकांचा खर्च कोळशानेच भागवला. त्यामुळे कोळशाला नावं ठेवायला मी उभी नाही. तरीही देशाने स्वच्छ ऊर्जेकडे वळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

२०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्षात तयार होणारी बहुतांश वीज मात्र अजून कोळशाचीच. कारण साधं आहे: सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. म्हणजे वीज साठवायला हवी. आपल्याच राज्यात घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, वाढली की खाली सोडून वीज करायची. असे प्रकल्प आणि बॅटऱ्या वाढायला हव्यात.

आणि खाण कामगारांचं काय? आधी नवं प्रशिक्षण आणि रोजगार, मगच खाणीला टाळं. हा क्रम चुकला तर आपलं गाव ओस पडेल.

सुरुवात आपल्यापासून करू या. घरावरच्या ३ किलोवॉटच्या सौर संचाला केंद्राकडून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. शाळेच्या छतावरचा संच आपल्या बॅचने द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. सर, बाई, परवानगी द्याल ना?