काळा कातळ, तांबडा जांभा
(गुहागर येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हेदवीची बामणघळ तुमच्यापैकी बहुतेकांनी भरतीच्या वेळी पाहिली असणार. लाट आत घुसते, फवारा उडतो, आपण भिजतो आणि घरी येतो. मला आज बोलायचंय ते त्या फवाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या कातळाबद्दल. हा कातळ एके काळी वाहत होता. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी.

मग ज्वालामुखीचा डोंगर कुठे? चित्रातला, शेंड्याला भोक असलेला? तसा डोंगर आपल्याकडे शोधू नका. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे वितळलेला रस भरलाय, ही समजूत आपण शाळेतून घेऊन येतो. ती खरी नाही. कवचाखालचं प्रावरण तापलेलं आहे, पण घन आहे. वरच्या दाबामुळे ते वितळत नाही. त्यातला जास्त तापलेला भाग वर सरकू लागला की दाब उतरतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. वेगळी आच द्यावी लागत नाही, ओझं कमी झालं की पुरतं. हा शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. वर येताना त्यात विरघळलेली वाफ आणि वायू बुडबुडे होऊन सुटतात. रस घट्ट असेल तर वायू कोंडतो आणि स्फोट होतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआचं तेच झालं. रस पातळ असेल तर वायू निसटतो आणि लाव्हा पसरत जातो. आपला रस पातळ होता, अकराशे अंश सेल्सिअसच्या पुढचा.

अशा भेगेतून काय होतं याचा लेखी पुरावा आइसलंडमध्ये आहे. १७८३ साली तिथे लाकी नावाच्या ठिकाणी सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. विषारी वायूंनी कुरणं नासली, गुरं मेली, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातली जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकी माणसं गेली. दख्खनमधले मोठे उद्रेक लाकीच्या कित्येक पट होते, आणि ते एकावर एक होत राहिले. बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आसपासच्या काळात आला असं आता मानतात. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोयना परिसरात संशोधनासाठी भोक पाडलं तेव्हा ९०० मीटरहून अधिक काळा खडक ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइटी पाया लागला.

आंब्याचं साठ कसं घालतात? रस पसरायचा, वाळू द्यायचा, मग वरून पुन्हा रस. सह्याद्री तसाच घातलेला आहे. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या गटांना आपल्याच गावांची नावं दिली: भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूर हे एस. टी. बदलायचं ठिकाण म्हणून आपल्याला माहीत. परदेशातल्या प्रयोगशाळांत ते एका लाव्हागटाचं नाव आहे. मला याची गंमत वाटते.

घाट चढताना कापलेल्या दरडीकडे बघा. काळ्या थरांमध्ये मधूनच एक तांबडा पट्टा दिसतो. बऱ्याच ठिकाणी तो दोन उद्रेकांमधली उसंत असते. लाव्हा थांबला, पाऊस पडला, खडक कुजला, माती झाली. मग नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली. लोकांना उद्रेक थरारक वाटतो. मला विचाराल तर आपला मुलूख घडवण्यात आगीपेक्षा या उसंतीचा वाटा जास्त. वायूच्या बुडबुड्यांनी खडकात पोकळ्या सोडल्या, त्यांत पुढे पाणी झिरपत राहिलं, म्हणून गारगोट्या आणि झिओलाइटचे स्फटिक झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघायला मिळतात.

लाव्हा ओसरल्यावर पश्चिमेकडे जमीन फाटली. आज सेशेल्स बेटं आहेत तो तुकडा सुटून दूर गेला आणि मध्ये अरबी समुद्र पसरला. नव्या किनाऱ्याशी उभा राहिलेला कडा पावसाने झिजत पूर्वेला सरकत गेला. परशुरामाने समुद्र हटवून कोकण मिळवलं, ही आपली कथा. भूशास्त्रात माघार डोंगराने घेतली आहे. त्याने सोडलेली पट्टी म्हणजे कोकण. आज कडा गाठायला आपल्याला चिपळूणच्या पुढे कुंभार्ली घाटापर्यंत जावं लागतं.

आणि या पट्टीवर पावसाने दुसरा खडक केला. उष्ण, दमट हवेत काळ्या कातळातलं सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. तो आपला जांभा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून आपली घरं, गडगे, विहिरींचे कठडे त्याचे. आपले सडे, म्हणजे ही कातळाची पठारं, त्याचीच, आणि रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पंही त्याच्यावरच कोरलेली.

जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेलं पाणी तो आत घेतो, खालच्या चिकणमातीपाशी ते अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकर का लागतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे: जांभा पाणी घेतो, पण धरून ठेवत नाही. खालचा काळा कातळ भेगा असतील तिथेच पाणी देतो. सडा खरवडून सपाट केला, खाणी खोल नेल्या, की खालच्या वाडीतला झरा आधी आटतो. विकासाच्या आराखड्यात झऱ्याला रकाना नसतो, हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

शेवटी, हमखास येणारा प्रश्न: इथे पुन्हा लाव्हा येईल का? तसं काही चिन्ह नाही. ज्या तप्त ठिकाणावरून दख्खनचा लाव्हा आला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, त्याच्यावरून आपला भूभाग, सुरुवातीला वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपासच्या वेगाने, उत्तरेला निघून आला. ते ठिकाण आता रियुनियन बेटाखाली, इथून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. भारतातला जागा ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर. तो १९९१ मध्ये पुन्हा उफाळला. लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही, उल्केच्या आघाताचं. अरवली, तुरळ, उन्हवऱ्याचं पाणी गरम आहे, पण त्याखाली लाव्हा नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्या पाण्याने त्वचारोग बरे होतात का, ते मात्र डॉक्टरांना विचारा.